समुद्री शेवाळासारखा दिसणारा मासा खरंच असतो, की त्याचे फोटो बनावट असतात?

खराच आहे. तो 'लीफी सी ड्रॅगन', समुद्रघोड्याचा नातलग. फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यालगतच्या थंड पाण्यात, खडकांवरच्या शेवाळात आणि समुद्री गवतात राहतो. साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचं ते सागरी मानचिन्हही आहे.

फोटोत अंगावर लोंबणारी जी 'पानं' दिसतात ती पोहण्यासाठी नसतातच, नुसतं सोंग! खरे पर मानेजवळ आणि पाठीवर असतात, काचेसारखे पारदर्शक. ते इतक्या भरभर थरथरतात की दिसतच नाहीत. त्यामुळे शेवाळाचा तुटलेला तुकडा लाटेबरोबर हेलकावतोय असंच वाटतं. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

याला दात नाहीत, जठरही नाही. नळीसारख्या तोंडाने जवळ्याएवढे बारीक जीव सुर्रकन ओढून घेतो. समुद्रघोड्यासारखी शेपटीने पकड घेता येत नाही, म्हणून मोठ्या वादळात बिचारे किनाऱ्यावर फेकले जातात.

आणि हो, अंडी सांभाळतो तो नर! मादी साधारण 250 गुलाबी अंडी त्याच्या शेपटीखाली चिकटवते, पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोच ती घेऊन फिरतो.