भंगारातल्या मोटरी आणि पहिला रोबो

प्रश्न : बंद पडलेला डीव्हीडी ड्राइव्ह घरात आहे. पहिल्या रोबोसाठी त्यातली कोणती मोटर काढावी?

उत्तर : ट्रे आत-बाहेर करणारी दोन तारांची छोटी डीसी मोटर काढा, आणि तिच्यासोबतचा रबरी पट्टा व दातेरी चाके मुळीच टाकून देऊ नका. एकटी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, पण तिच्या शाफ्टमध्ये (फिरणाऱ्या दांड्यात) जोर नसतो. वेग कमी करून जोर वाढवण्याचे काम गिअरच (ही दातेरी चाकेच) करतात, म्हणून भंगारात माझ्या मते मोटरीपेक्षा त्यांनाच जास्त मोल आहे. तबकडी फिरवणारी मोटर ब्रशलेस (आत कार्बन वा धातूचे ब्रश नसलेली) असते व तिला वेगळे ड्रायव्हर सर्किट लागते, तेव्हा ती तूर्त बाजूला ठेवा. गाडी सरळ चालायची तर दोन्ही मोटरी सारख्या हव्यात. तशी जोडी जमली नाही, तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पिवळ्या बीओ मोटरी (गिअर बसवलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरी) खुशाल विकत घ्याव्यात.

प्रश्न : मोटर सुरू होताच आर्डुइनो (रोबोला आज्ञा देणारा छोटा संगणक-बोर्ड) रीसेट होतो आणि एल२९३डी आयसी (मोटरीला प्रवाह पुरवणारी ड्रायव्हर चिप) चटका बसेल इतकी तापते. असे का होते?

उत्तर : सुरू होण्याच्या क्षणी किंवा चाक अडकल्यावर मोटर सर्वाधिक प्रवाह ओढते, आणि तो किती हे आधीच अजमावता येते. मोटर सुटी करून मल्टिमीटर ओहमवर ठेवा, शाफ्ट थोडा थोडा फिरवून थांबवत दोन टोकांमधला रोध पाहा आणि सर्वांत कमी आकडा टिपून घ्या. तो ४ ओहम आला आणि बॅटरी ६ व्होल्टची असली, तर प्रवाह दीड अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. एल२९३डी मात्र प्रत्येक मोटरीला सतत ६०० मिलिअँपिअरच देऊ शकते. एल२९८ ही दुसरी ड्रायव्हर चिप प्रत्येक मोटरीला २ अँपिअरपर्यंत पेलते, परंतु सुमारे २ व्होल्ट स्वतःच खाते, हे बॅटरी निवडताना लक्षात ठेवावे. मोटरीने एकदम प्रवाह ओढला की बॅटरीचे व्होल्टेज पडते व आर्डुइनो रीसेट होतो; ते थांबवण्यासाठी आर्डुइनोला वेगळी बॅटरी द्या व दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एकमेकांना जोडा. नवशिके नेमके हेच विसरतात. मोटरीच्या टोकांवर १०४ छापलेला (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केल्यास ठिणग्यांचा उपद्रवही कमी होतो.

प्रश्न : प्रोग्रॅमिंग न येता रोबो होईल का?

उत्तर : नक्की होईल. मेंदूचे अभ्यासक ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलला बनवलेली प्रकाशाकडे जाणारी यांत्रिक कासवे दोन व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांवर) चालत, आणि त्यांचे गिअर जुन्या घड्याळांतून व गॅस मीटरांतून काढलेले होते. आज दोन एलडीआर (उजेड पडला की रोध कमी होणारे भाग), दोन टीआयपी१२२ ट्रान्झिस्टर, दोन डायोड आणि दोन प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलता येणारे रोध) पुरतात. डावीकडचा एलडीआर उजव्या मोटरीला व उजवीकडचा डाव्या मोटरीला जोडला, की गाडी टॉर्चमागे वळते.

प्रश्न : मायक्रोवेव्हमधली मोटर चालेल का?

उत्तर : नाही. काचेची थाळी फिरवणारी मोटर एसीवर चालते, त्यामुळे ती बॅटरीवर निरुपयोगी आहे. शिवाय आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीवघेणा विद्युतदाब उरू शकतो. मायक्रोवेव्ह उघडूच नये.