मे महिन्यात नागपूरच्या साइटवर नवे मजूर येणार आहेत, त्यांना ऊन लागू नये म्हणून काय करावं?

नव्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ उन्हात लावू नका, हे सगळ्यात आधी पाळा. उन्हाने दगावणारे बरेचसे कामगार कामाच्या पहिल्या काही दिवसांतलेच असतात, कारण उन्हाला सरावायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब सोपा आहे: नवा माणूस पहिल्या दिवशी २० टक्के वेळ उन्हात, पुढे रोज २० टक्के वाढ. सुट्टीवरून परतलेला जुना गडी ५० टक्क्यांपासून.

दुपारी १२ ते ४ स्लॅबवर काम नको. तहानेची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी. माठ खाली गेटजवळ असेल तर चौथ्या मजल्यावर सळई बांधणारा माणूस पाण्यासाठी उतरत नाही हो! माठ वरच, सावलीत, ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा.

कुणी असंबद्ध बोलू लागला, लटपटू लागला तर उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरी. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत अंगावर गार पाणी ओतत वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

हा हिशेब निरोगी माणसाचा आहे. बीपीच्या किंवा मूत्रपिंडाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी पाणी-मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.