वीकेंडच्या ट्रिपा: तुझी एक्सेल शीट बघून

अरे,

तू पाठवलेली शीट बघितली. देश, फ्लाइट, हॉटेल, बजेट, सगळं रंगीत, वर फॉर्म्युले पण टाकलेत. जर्मनीत स्टुटगार्टला येऊन घरातले खोके अजून धड उघडले नसतील तुम्ही आणि डिसेंबरपर्यंतचा एकूण एक शनिवार भरून मोकळा! फिरायला नको असं मी म्हणत नाहीये, आत्ता नाही फिरणार तर कधी. पण तुझ्या बायकोला काय हवंय याचा कॉलम त्या शीटमधे कुठेच दिसला नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दलच बोलते, तिकिटांचं नंतर.

तुझा आठवडा ऑफिसात जातो. मीटिंगा, कँटीन, कलीग, त्यात अर्धी बडबड जर्मनमधे, शुक्रवारी संध्याकाळी डोकं नुसतं भणभणत असतं आणि वाटतं की आता कुठेतरी शांत जाऊन पडावं. ती पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलीये, तिचा सोमवार ते शुक्रवार म्हणजे घर, असला तर जर्मनचा क्लास, आणि इथे संध्याकाळचे सात वाजले की भारतात सगळे झोपायच्या तयारीत, म्हणजे फोनवर पण कोणी नाही. तिला शनिवारी माणसांत जायचं असतं आणि तुला माणसांपासून लांब. हे दोघांपैकी कोणी बोलत नाही आणि मग ट्रेनच्या प्लॅटफॉर्मवर भांडण होतं. मी इतकी जोडपी बघितलीत इथे, भांडणाचा विषय तिकीट असतो पण राग सगळा आठवड्याचा असतो.

त्यामुळे पहिलं काम, ट्रिप आलटून पालटून प्लॅन करा. एकदा तू, एकदा ती, आणि दुसऱ्याने त्यात नाक खुपसायचं नाही. दुसरं, दोघांनाही डॉइचलांड तिकीट, म्हणजे महिन्याचा पास, काढ. २०२३ मधे ४९ युरोला सुरू झालं होतं, आता महिन्याला ६३ आहे, आयसीई वगैरे फास्ट गाड्यांना चालत नाही पण देशभरच्या लोकल आणि रिजनल गाड्यांना चालतं. 'ती घरीच तर असते, तिला कशाला' असा हिशोब करू नकोस, उलट तिलाच जास्त लागेल. मंगळवारी सकाळी उठून एकटी ट्युबिंगनला जाऊन नदीकाठी कॉफी पिऊन येऊ दे, रस्ते कळतात, भीड चेपते, आणि शनिवारी ती तुझ्या मागे मागे बॅग ओढत येणार नाही.

आणि हो, तू ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, आहेस ना? मग तिला इथे नोकरी करायची परवानगी आहे, वेगळं काही काढावं लागत नाही. 'सध्या मस्त फिरूया, तुझ्या नोकरीचं नंतर बघू' हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी म्हणू नकोस. फिरण्याने तिचे मधले पाच दिवस भरत नाहीत. महिन्यातला एक वीकेंड तरी गावातच काढा, मंडळाच्या कार्यक्रमाला जा, शेजारच्यांशी बोला, नाहीतर वर्षभराने प्राग-बुडापेस्ट तोंडपाठ आणि स्वतःच्या बिल्डिंगमधे ओळखीचं कोणी नाही.

आता शीट. तीन दिवसांत व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट म्हणजे अष्टविनायकाची बस झाली, उतरा, दर्शन घ्या, फोटो काढा, चला. एक शहर ठेव, बाकी काट. पॅरिसला तू मेमिंगेनहून फ्लाइट कशाला शोधतोयस मला कळलं नाही, स्टुटगार्टहून थेट फास्ट ट्रेन आहे, तीन तासांच्या थोडं वर लागतात आणि शहराच्या मधोमध उतरवते. स्वस्त फ्लाइटचा विमानतळ कुठे आहे ते आधी मॅपवर बघत जा. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोवे विमानतळ पॅरिसपासून ऐंशीवर किलोमीटर आहे, बसचे पैसे आणि अर्धा दिवस तिथेच जातो.

सुरुवात जवळून करा ना. फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग बघ, रिजनल गाड्या बदलत केलपर्यंत जा, ते जर्मनीतलं शेवटचं स्टेशन, तिथून ट्रॅम थेट ऱ्हाईन ओलांडून फ्रान्समधे जाते, २०१७ पासून आहे ही सोय. ट्रॅमचं तिकीट वेगळं काढावं लागेल. एक रात्र राहिलात तर दुसऱ्या दिवशी कोलमार, ट्रेनने अर्धा-पाऊण तास. नाहीतर उल्म, तिथल्या चर्चच्या मनोऱ्याला ७६८ पायऱ्या आहेत, ज्याला चढायचं त्याने चढावं, दुसऱ्याने खाली बाजारात फिरावं, सगळं दोघांनी मिळूनच केलं पाहिजे असं कुठे लिहिलंय. अ‍ॅमस्टरडॅमला ॲन फ्रँकचं घर बघायचं असेल तर तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरची सुटतात, आयत्यावेळी मिळत नाहीत.

कागदपत्रांचं मात्र तुझ्या डोक्यात पक्कं बसू दे. ओरिजिनल पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड, दोघांचंही, प्रत्येक वेळी, फोनमधला फोटो चालत नाही. शेंगेन म्हणजे आपापसात सीमेवर तपासणी नसलेले युरोपातले देश, पण 'शेंगेनमधे कोण विचारतंय' हे जुनं झालं, सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केलीये, ट्रेनमधे पोलीस येतात. जर्मनीच्या कार्डावर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, वीकेंडवाल्यांना ते भरपूर आहे. लंडन आणि डब्लिन तुझ्या शीटमधे सरळ टाकलेत, त्यांना वेगळा व्हिसा लागतो, तेव्हा ते दोन आत्ताच काढ. कार्ड रिन्यूला दिलेलं असेल आणि हातात तात्पुरता कागद असेल तर परदेशी नागरिकांचे परवाने देणाऱ्या ऑफिसात लेखी विचारल्याशिवाय कुठेही जाऊ नका.

स्वित्झर्लंड शेंगेनमधे आहे पण युरोपियन युनियनमधे नाही, म्हणजे फोनचं रोमिंग फुकट असेलच असं नाही, डेटा बंद करून जा नाहीतर बिल बघून घाम फुटेल. जेवणाच्या किमती बघून पण फुटेलच, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जा, आम्ही सगळे तेच करतो, लाजायचं काही नाही.

गाडी एक तास लेट झाली तर तिकिटाचे २५ टक्के परत मागता येतात, दोन तास झाले तर ५०. फॉर्म भरायचा कंटाळा करू नकोस, लेट होण्याची इथे कमी नाही.

मोठ्या ट्रिपा मे-जूनसाठी ठेव. हिमेलफार्ट आणि फ्रोनलाइश्नाम या ख्रिश्चन सणांच्या दोन्ही सुट्ट्या गुरुवारीच येतात, शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मिळतात, पण ती रजा ऑफिसात सगळेच मागतात, त्यामुळे जानेवारीतच टाकून ठेव. बुडापेस्ट तेव्हा करा, नुसतं बुडापेस्ट.

शीट तिला पण शेअर कर, नुसतं बघायला नाही, एडिटचा ॲक्सेस देऊन. आणि रविवारी रात्री परतणार असाल तर दूध-भाजी आधीच आणून ठेवा, दुकानं बंद असतात, स्टेशनवरचं महाग पडतं.

तुझी,
ताई