खड्ड्याआधी दार वाजव

प्रिय पोरी,

तुझा निरोप पोचला. ५ जूनला, पर्यावरण दिनी, बेळगावच्या वडगावातल्या विणकरांच्या गल्लीत १०० रोपं लावणार म्हणतेस. तारीख बदल. त्या दिवशी फोटो चांगले येतात, खरं आपल्याकडचा पाऊस मृगाआधी भरवशाचा नाही. दोन-चार सरी मुरू देत. आणि १०० नकोत, १२ लाव.

मी वायरमन. दर मे महिन्यात तारांखालच्या फांद्या तोडण्यात माझी नोकरी गेली. शिडीखाली उभ्या राहून बायका शिव्या घालायच्या, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. म्हणून खड्डा घेण्याआधी मान वर करून बघ. तारेखाली आंबा, जांभूळ नकोच. कढीपत्ता, पारिजातक चालेल. गुलमोहर तर अरुंद गल्लीत आणूच नकोस, वळवाचा वारा सुटला की फांदी थेट कुणाच्या तरी पत्र्यावर. गणपतीची मिरवणूक, शिवजयंतीचे चित्ररथ ज्या वाटेनं जातात ती वाटही सोड. तिथल्या फांद्या दरवर्षी छाटल्या जाणारच.

मग दार वाजव. घरापुढची तेवढीच जागा. तिथंच धुणं, तिथंच भांडी, तिथंच नवऱ्याची गाडी. बाई झाड नको म्हणाली तर तिला अडाणी समजू नकोस. पाला पडून गटार तुंबते, आणि बळ्ळारी नाल्याकाठच्या माणसाला घरात पाणी शिरणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मागाला उजेड लागतो. खिडकीपुढं दाट झाड आलं तर भर दिवसा बल्ब लावावा लागेल, बिल कोण भरणार? तिचं म्हणणं वहीत लिहून घे. जी स्वतःहून म्हणेल ‘माझ्या दारात लाव’, तिच्याच दारात लाव. आणि झाड मोठं झाल्यावर मनात आलं म्हणून तोडता येत नाही, १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यानं परवानगी लागते, हे आधीच सांग. नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

आम्ही एकदा ४० लावली होती, कुणाला न विचारता. शिमग्यापर्यंत तीन उरली. काही शेळ्यांनी खाल्ली, काहींचे बांबू पोरांनी होळीत घातले, बाकीची उन्हानं वाळली. उरलेली तिन्ही एका भाजीवालीच्या बसायच्या जागेभोवती. तिला सावली हवी होती, भाजीवर शिंपडून उरलेलं पाणी ती बुंध्यात ओतायची.

खड्डा दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. वडगाव-शहापूरकडं माती काळी, पाणी साचून मुळं कुजतात. तिथं जरा उंचवटा करून लाव. जांभ्या दगडाच्या जमिनीत मात्र मे महिन्यातच पहार घालावी लागते. रोप छातीएवढं उंच घे. वन खात्याच्या नर्सरीत कन्नडमध्ये ‘होंगे’ म्हटलंस की करंज मिळेल, ‘नेरळे’ म्हणजे जांभूळ, ‘बेवु’ म्हणजे कडुनिंब. मला विचारशील तर करंज. शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही. अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागला तर गल्लीतल्याच एखाद्या अक्काकडून लिहून घे. तिचं अक्षर अर्जावर असलं की ती पुढं झाडाचीही चौकशी करते, हा माझा अनुभव.

पाणी माघापासून मृगापर्यंत, आठवड्याला दोन बादल्या, निदान दोन उन्हाळे. जिथं नळाला रोज पाणी येत नाही तिथं बादली मागायला जीभ रेटत नाही, मलाही रेटत नसे. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी माग, ते कुणी नाकारत नाही.

रविवारी सकाळी वही घेऊन ये. चप्पल जाड घाल, पूर्ण गल्ली दोनदा फिरायची आहे. पहार सध्या तरी घरीच राहू दे.

तुझा,
वायरमन काका