कंपनी चांगली, मग शेअर घेतला की पडतो का?

पन्नाशीतले गृहस्थ, चिंचवडच्या कारखान्यात क्वालिटी बघतात. शनिवारी डेक्कनला आमच्याकडे आले ते वही घेऊनच. "ताळेबंद वाचून घेतलाय हो. पण मी घेतला की पडतोच."

वही चोख होती. कर्ज नगण्य, आरओसीई (धंद्यात गुंतलेल्या भांडवलावरचा परतावा) सलग पाच वर्षं १८ टक्क्यांच्या वर. खरेदी ६२० ला, मग ५६० ला, मग ५०५ ला. त्या दिवशीचा भाव ४३०. बारा लाखांच्या भांडवलातले जवळजवळ पाच लाख या एकाच शेअरमध्ये.

अभ्यास खोटा नव्हता, अर्धा होता. नफा पाहिला, पण कामकाजातून हाती आलेली रोकड पाहिली नाही. तीन वर्षांत ती नफ्याच्या निम्मीही नव्हती, आणि उधारीचे दिवस (विकलेल्या मालाचे पैसे यायला लागणारे) ६० वरून ११० वर गेलेले. पहिली खरेदी झाली तेव्हा पीई, म्हणजे भाव एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट, होता ५८. पुढच्या दोन्ही खरेद्यांच्या वेळी भाव २०० दिवसांच्या सरासरीखाली, आणि ती रेषाच खाली वळलेली. तिसरी का केली? "आरएसआय ३० च्या खाली होता." आरएसआय हा भावाच्या हालचालीचा जोर दाखवणारा आकडा, ३० च्या खाली गेला की शेअर जास्तच विकला गेला असं मानतात. पण उतरत्या शेअरमध्ये तो आठवडेच्या आठवडे तिथेच लोळतो. लाल टॅगचा, म्हणजे तपासणीत नापास झालेला माल स्वस्त झाला म्हणून पुढच्या लाइनला सोडाल का, असं विचारल्यावर ते हसले.

काय घ्यायचं हे ताळेबंद सांगतो. कधी आणि किती, हे चार्टकडून घ्यायचं. यांनी चार्ट उघडला तो झालेल्या खरेदीला आधार शोधायला.

एका शेअरमध्ये भांडवलाचा किती हिस्सा ठेवायचा याची मर्यादा ठरवून थोडे शेअर विकले. डीमॅटमध्ये आधी घेतलेले आधी विकले गेले असं धरतात, म्हणून ६२० चे पहिले गेले. ते वर्षाहून जुने, त्यामुळे तो तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो. विवरणपत्र मुदतीत भरलं तर उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. (हे ऐकून चेहरा जरा उजळला.)

दुसऱ्या एका कंपनीच्या नव्या खरेदीचं गणित वहीतच मांडलं. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्का, म्हणजे १२,००० पर्यंतच तोटा सोसायचा. भाव ४८०, आधीचा तळ ४४० च्या जरा वर, म्हणून स्टॉपलॉस (ज्या भावाला तोटा सोसून विकायचं तो) ४४०. फरक ४०, म्हणजे ३०० शेअर, १,४४,००० रुपये. त्यातले १०० आधी, तेही आठवड्याचा बंद भाव सरासरीच्या वर आणि व्हॉल्यूम (विकल्या-घेतल्या गेलेल्या शेअरांची संख्या) वाढलेला असेल तरच. बाकीचे पुढच्या सहामाही निकालात रोकड दिसल्यावर, आणि तेव्हा भाव बदललेला असणार म्हणून संख्या पुन्हा काढून. निकालानंतर भाव गॅपने, म्हणजे आदल्या बंद भावापासून एकदम खाली उघडला तर स्टॉपलॉस ४४० ला लागत नाही, ४१० लाही लागू शकतो. लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला भाव टेकला, तर गिऱ्हाईकच नसतं. म्हणून छोट्या कंपनीत ही संख्याही निम्मी करायची.

"पण तोवर वर निघून गेला तर?" जातो कधीकधी. तळातले दहा-पंधरा टक्के या पद्धतीत सुटतातच, आणि ते हाती येतील असं आम्ही कुणालाच सांगत नाही.

यादीतली पुढची कंपनी दोन महिने सरासरीखाली आहे. वहीत तिच्यापुढे आकडे पूर्ण भरलेत, खरेदीचा रकाना कोरा आहे.