टायर आधी ठरवा, उंची नंतर

गाडीचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, कंपनीचे २५५/६० आर१८ टायर. शेताच्या वाटेवर दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीला खालून घासतो. गॅरेजमध्ये तीन इंची लिफ्ट किट आणि ३३ इंची टायर सुचवलेत. घालू का? — एक वाचक, जुन्नर

पैसे देण्याआधी गाडीखाली जाऊन ओरखडे नेमके कुठे आहेत ते बघा. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून घासतोय तो मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरपेटीचा, गोळा असावा. तसं असेल तर तीन इंची किट घालूनही तो एक मिलिमीटर वर येणार नाही. किट चासी आणि बॉडीला अ‍ॅक्सलपासून वर उचलतं. मागचा अ‍ॅक्सल मात्र अखंड आहे, गोळा त्याच्यातच आहे, आणि त्याचं जमिनीपासूनचं अंतर फक्त टायरच्या त्रिज्येवर ठरतं. ओरखडे साइड स्टेपवर, ट्रान्सफर केसखालच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीखालच्या) पत्र्यावर किंवा पुढच्या बंपरच्या ओठावर असतील, तर किटचा उपयोग आहे.

म्हणून टायरचं माप आधी ठरवायचं. २५५/६० आर१८ म्हणजे रुंदी २५५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंची. तुमच्या टायरचा व्यास ७६३ मिमी. १७ इंची रिमवर २६५/७० आर१७ घेतला तर तो ८०३ मिमी होतो, म्हणजे गोळा २० मिमी वर. २८५/७० आर१७, ज्याला बाजारात ३३ इंची म्हणतात, तो ८३१ मिमी. गोळा ३४ मिमी वर. या जादा १४ मिमीसाठी काय काय मोजावं लागतं ते बघा. मूळ टायरच्या तुलनेत व्यास जवळपास ९ टक्के वाढतो, म्हणजे प्रत्येक गियर तेवढाच लांब होतो. दुसऱ्या गियरमध्ये चढणारा घाट पहिल्यात चढावा लागतो, क्लच जास्त झिजतो, आणि ब्रेक तेच असताना चाक मोठं झाल्यामुळे थांबण्याचं अंतर वाढतं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मागच्या बाजूला बॉडी माउंटला लागतो, मग तिथे कापाकापी आणि वेल्डिंग. शेतीची गाडी रोज पळवणाऱ्या माणसाला ते आम्ही सुचवणार नाही.

२६५/७० आर१७ मध्ये व्यास ५ टक्क्यांनी वाढतो. मीटरवर ८० दिसतील तेव्हा गाडी मूळ टायरच्या तुलनेत ८४ च्या हिशेबाने पळत असेल. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा ताडून घ्या. आणखी एक फायदा पत्रकात कुठे छापलेला नसतो. टायरची बाजूची भिंत १५३ मिमीवरून १८५ मिमी होते. दगडावर आपटल्यावर रिम वाकण्याचा धोका कमी होतो आणि चिखलात हवा कमी करायला जागा मिळते. रिम बदलायची नसेल तर २६५/६५ आर१८ चा व्यासही जवळपास तेवढाच आहे. नवी रिम घेताना नट सहा, पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिमी, आणि ऑफसेट, म्हणजे रिमचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर, कंपनीच्या रिमच्या जवळचा ठेवा. तो रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ म्हणून कोरलेला असतो. शून्य किंवा उणे ऑफसेटची रिम रुबाबदार दिसते, पण चाक बाहेर निघाल्याने हब बेअरिंगवर ताण येतो आणि वळताना टायर लायनरला, म्हणजे चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या आवरणाला, आणखी लवकर घासतो.

२६५/७० आर१७ टायरला ४० ते ५० मिमीची लिफ्ट पुरते. लिफ्टमुळे घासणं पूर्ण थांबतं ही समजूत मात्र चुकीची आहे. खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की चाक बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे हालचाल अडवणाऱ्या रबरी गट्टूपर्यंत, जातंच, मग गाडी कितीही उंच असो. टायर बसवल्यावर पुढचं एक चाक विटांच्या थरावर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, आणि लागतोय तिथलं प्लास्टिक लायनर तेवढंच छाटा.

पुढे स्पेसर आणि मागे ब्लॉक टाकून काही हजारांत काम होतं, पूर्ण किट लाखाच्या पुढे जातं. एवढ्या फरकाचं कारण काय? — एक वाचक, कणकवली

पुढे स्प्रिंग-शॉकअपच्या डोक्यावर बसणारा स्पेसर साधारण २५ मिमीचा असला तरी चाकाजवळ उंची जवळपास दुप्पट मिळते, कारण शॉकअप खालच्या आर्मवर आतल्या बाजूला टेकलेला असतो. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, फक्त सगळं खाली ढकललेलं. त्यामुळे चाक हवेत लटकलं की आर्म कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खाली जातो. वरचा बॉल जॉइंट टोकाला अडकतो आणि सीव्ही जॉइंटचा, म्हणजे वळतानाही पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा, कोन वाढतो. आधी रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, लाल माती आत शिरते आणि वळताना कटकट आवाज येऊ लागतो. पूर्ण किटमध्ये योग्य लांबीचा शॉकअप आणि नवी स्प्रिंग येते, त्यामुळे चाकाची खालची मर्यादा शॉकअपच सांभाळतो. तुम्ही पैसे मोजता ते यासाठी.

मागचा ब्लॉक हा अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मधला ठोकळा. ओझं ओढताना अ‍ॅक्सल पाट्यांना पीळ देतो, आणि ठोकळा जितका उंच तितकी त्या पिळाची तरफ लांब. पाट्याचं टोक चासीला जोडणारा शॅकल लांब घातला तर ५० मिमी लांबीला उंची २५ मिमीच मिळते. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पाट्यांचा पूर्ण नवा संच. एक पाटा वाढवणं हा मधला मार्ग, पण रिकामी गाडी आपटू लागते.

स्प्रिंग निवडताना ‘गाडी किती वेळ किती वजन वाहते’ एवढंच विचारा. हौद्यात कायम १५०-२०० किलो अवजारं असतील तर मध्यम भाराचे पाटे. गाडी बहुतेक वेळ रिकामी आणि आठवड्यातून एकदा ५०० किलो आंबा, तर हलक्या भाराचेच घ्या. जड पाट्यांवर रिकामी गाडी ओल्या घाटात मागून उडते. आणि किटमुळे गाडीची भारक्षमता वाढत नाही. आरसीवरचं एकूण वजन तेच राहतं.

बसवताना दोन ठिकाणी चुका होतात. आर्मचे आणि पाट्यांच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळले, तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यावरच. आणि पाटे बांधून ठेवणारे जुने यू-बोल्ट परत वापरू नका, ते एकदा ताणले की ताणलेच. नवे घाला आणि ५०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

माझ्या पिकअपला दोन इंची किट बसवल्यापासून थांब्यावरून निघताना फरशीखाली थरथर जाणवते, हायवेवर स्टिअरिंग सैल वाटतं. गॅरेजवाले व्हील बॅलन्सिंग करून थकले. — एक वाचक, कोल्हापूर

ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्ही बॅलन्सिंगने जाणार नाहीत.

निघतानाची थरथर प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याची. तो दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंगवर टेकतो. मागची चासी उंच झाली की दोन तुकड्यांमधला कोन बदलतो, आणि सुरुवातीला जोर लागताना क्रॉस, म्हणजे शाफ्टचे सांधे, गचके देतात. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली साधारण १०-१५ मिमीचे स्पेसर टाकून ते खाली आणा. तरीही थरथर राहिली तर अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये पाचर बसवून पिनियनचा (शाफ्ट डिफरन्शियलमध्ये शिरतो तिथल्या गियरचा) कोन सुधारावा लागेल.

सैल स्टिअरिंग म्हणजे कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी झाला. लिफ्टनंतर चाकांचा टो (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) अलाइनमेंटवाले जुळवून देतात आणि ‘हिरवं आलं’ म्हणून गाडी सोडतात. तुम्ही कास्टरचा आकडा छापून मागा. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टमधून तो साधारण ५० मिमीच्या लिफ्टपर्यंत सावरता येतो. त्यापुढे बदललेल्या भूमितीचा वरचा आर्म लागतो.

गाडी गॅरेजमध्ये आहेच तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. चाक पूर्ण लटकवून ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना. मागे भारानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा. चासी उचलल्यावर व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो, म्हणून त्याचं ब्रॅकेट किटच्या सूचनेप्रमाणे सरकवावं लागतं. आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या. उंच केलेली पिकअप समोरच्या दुचाकीस्वाराला आंधळं करते.

आरटीओ आणि विम्याचं काय? — एक वाचक, भोर

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीत असलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘सगळेच करतात’ हे अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरपुढे चालत नाही. काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. सगळ्यात निर्धोक वाट म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीनेच दिलेलं टायरचं माप.

आमचा निम्मा प्रवास डांबरी रस्त्याने, निम्मा चिरेखाणींच्या वाटेने. मड टायर घ्यावेत असं धाकटा भाऊ म्हणतो. — एक वाचक, सांगे, गोवा

ऑल-टेरेन घ्या. मड टायरचे ठोकळे मोठे आणि विरळ, त्यामुळे पावसाळ्यात ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं आणि ब्रेक लांब लागतो. तुमच्याकडे पाऊस चार महिने आहे. चिऱ्याच्या धारदार कडांसाठी ‘एलटी’ (लाइट ट्रक) बांधणीचा टायर हवा. भार निर्देशांक १२१ म्हणजे एका टायरला १,४५० किलो, ११५ म्हणजे १,२१५. मात्र एलटी टायर प्रत्येकी काही किलो जड असतो आणि त्याला दारावरच्या स्टिकरपेक्षा जास्त हवा लागते. किती, ते असं ठरवा : सकाळी थंड टायरमध्ये हवा मोजा, तासभर नेहमीच्या ओझ्याने चालवा, पुन्हा मोजा. एलटीमध्ये वाढ ६ पीएसआयच्या आसपास हवी. त्याहून जास्त वाढली तर सुरुवातीला हवा कमी होती.

चिखलात १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, वेग ताशी ३०च्या आत ठेवा, वळण झटक्यात घेऊ नका, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबरावर येण्याआधी हवा भरायची म्हणून कॉम्प्रेसर गाडीतच हवा.

टायर पाच घ्या. जुनी लहान स्टेपनी लावून फोर-हाय किंवा फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारे गियर) टाकलं तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात, आणि तो फरक ट्रान्सफर केस सोसत राहते. पण मोठा टायर हौद्याखालच्या जागेत मावतो का, हे पाचवा टायर घेण्याआधी टेपने मोजा. मागच्या बंपरला आणि एक्झॉस्टला किती जागा उरते तेही बघा.