न्यूझीलंडमध्ये नर्सना ‘कल्चरल सेफ्टी’ शिकवतात म्हणजे काय? तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, चालीरीती पाठ कराव्या लागतात का?

पाठांतरच करायचं असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. माओरींच्या लेखी डोकं पवित्र, म्हणून डोक्याखालची उशी पायाखाली सरकवायची नाही. जेवणाच्या टेबलावर बेडपॅन ठेवायचं नाही. बाळंतपणानंतर वार परस्पर टाकून न देता घरच्यांना हवी का ते विचारायचं, कारण बरीच कुटुंबं ती आपल्या जमिनीत पुरतात. (आपल्या आज्या-पणज्यांना यात काही नवल वाटलं नसतं.)

पण याला कल्चरल सेफ्टी म्हणत नाहीत. मी ऑकलंडमध्ये नर्सिंग शिकवते आणि दर बॅचला अशी यादी मागणारे भेटतात. त्यात आपले भारतीय जरा जास्तच. आपल्याला गाइड लागतं!

ही कल्पना मांडली इरिहापेती रॅम्सडन या माओरी नर्सने, १९८०च्या दशकाच्या अखेरीस. १९९२ साली न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने ती अभ्यासक्रमात घेतली आणि लगेच बोंबाबोंब झाली. इंजेक्शन द्यायला शिकवा, ब्रिटिश आणि माओरी सरदारांमधला १८४०चा वायटांगी करार आणि माओरींच्या गेलेल्या जमिनी वर्गात कशाला? प्रकरण १९९५मध्ये संसदीय समितीपर्यंत गेलं, तरी विषय टिकला. २०१९ साली मेडिकल कौन्सिलनेही डॉक्टरांसाठी तो स्वीकारला.

रॅम्सडनबाईंचा मुद्दा कडक होता: मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही, हे पेशंट ठरवणार. नर्सने स्वतःला मार्क द्यायचे नाहीत. म्हणून वर्गात आम्ही आधी विद्यार्थ्यालाच तपासतो. तुमच्या घरी कोणाचा कप वेगळा होता? कोणतं आडनाव ऐकलं की तुमचा आवाज बदलतो? इथे ठरलेलं उत्तर येतं, ‘मॅम, आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो.’ सारखं म्हणजे कोणासारखं, हे विचारलं की वर्ग गप्प.

मग मी एक हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्ससाठीची नोट, देते: ‘चार नंबरचा पेशंट नॉन-कम्प्लायंट (सांगितलेलं न ऐकणारा), दोनदा अपॉइंटमेंट चुकवली.’ हेच पेशंटच्या खाटेशी उभं राहून, त्याला ऐकू जाईल असं वाचायचं. बहुतेकांची जीभ अडखळते. मग कळतं, गडी रात्रपाळीला जातो, गाडी नाही, आणि मागच्या वेळी वजनावरून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती. आता नोट पुन्हा लिहा.

‘आम्हीही इंग्रजांचे गुलाम होतो, आम्हाला कळतं’ असं आपली मुलं म्हणतात तेव्हा मला हसू येतं. अंगात युनिफॉर्म चढला की आपण पेशंटच्या बाजूचे उरत नाही. औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? आणि आपल्या सरकारी दवाखान्यात आईच्या वयाच्या बाईला ‘ए, तिकडे सरक’ म्हणणारं कोण असतं? उलट गडचिरोलीत शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारून दवाखाना बांधला. नातेवाइकांना राहता येईल अशा झोपड्यांचा, त्यांच्याच दंतेश्वरी देवीच्या नावाचा. तिथे ‘कल्चरल सेफ्टी’ची पाटी नाही, पण काम तेच.

तुम्ही न्यूझीलंडमध्ये नर्स म्हणून नोंदणीच्या तयारीत असाल तर उत्तरात ‘मी सर्व संस्कृतींचा आदर करते’ लिहू नका, ते सगळेच लिहितात. पेशंटने काय सांगितलं आणि त्यावरून तुम्ही तुमच्या कामात नेमकं काय बदललं, तेवढं लिहा.